गट म्हणजे आकडा नव्हे: लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये गटांचं काय करायचं?

डेटाच्या फाईलमध्ये एक रकाना हमखास सापडतो. वर लिहिलेलं असतं ‘वैवाहिक स्थिती’ आणि खाली आकडे उतरत गेलेले असतात: १, २, २, ४, १, ३, ९, २. सोबतच्या कागदावर खुलासा असतो. १ म्हणजे अविवाहित, २ विवाहित, ३ जोडीदार वारलेले, ४ घटस्फोटित आणि ९ म्हणजे माहिती मिळाली नाही.

हा रकाना जसाच्या तसा लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये, म्हणजे हो-नाही उत्तराचा अंदाज करणाऱ्या पद्धतीत, ढकलला, तर सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही. एक कोएफिशियंट येतो, म्हणजे परिणाम किती हे सांगणारा आकडा. शेजारी पी-व्हॅल्यू येते, म्हणजे परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा आकडा दिसण्याची शक्यता. नशीब असेल तर ‘लक्षणीय’ची चांदणीही येते. समजा तो कोएफिशियंट ०.३ आला. मॉडेलच्या लेखी त्याचा अर्थ असा: अविवाहितावरून विवाहितावर गेलं की ऑड्स (होण्याची शक्यता भागिले न होण्याची) १.३५ पट, तिथून जोडीदार वारलेल्यांवर गेलं की पुन्हा १.३५ पट, आणि घटस्फोटितावरून ‘माहिती नाही’वर गेलं की पाच पायऱ्या एका दमात चढून जवळपास साडेचार पट! मी स्वतः पहिल्यांदा असं विश्लेषण केलं तेव्हा नेमकं हेच करून बसलो होतो, आणि निष्कर्ष ‘लक्षणीय’ आला म्हणून खूशही झालो होतो. तो निष्कर्ष सगळा त्या ९ आकड्याने पैदा केलेला होता.

गटांच्या बाबतीत बहुतेक घोटाळे या एका गोष्टीतून निघतात. गटाचं नाव आपण सोयीसाठी आकड्यात लिहितो आणि मग ते नाव होतं हे विसरतो. दुसरी गोष्ट उशिरा कळते: गटाला मॉडेलमध्ये कशी जागा द्यायची हे तो गट कसला आहे यापेक्षा तुमचा प्रश्न काय आहे यावर ठरतं. तोच रकाना एका अभ्यासात मुख्य पात्र असतो, दुसऱ्यात नुसती अडचण असतो आणि तिसऱ्यात अख्खा डेटा ज्यावर उभा आहे ती चौकट असतो.

आधी ऑड्सचं थोडक्यात. लॉजिस्टिक रिग्रेशन हो-नाही स्वरूपाच्या उत्तरासाठी वापरतात: आजार झाला की नाही, कर्ज फेडलं की नाही, प्रवेश मिळाला की नाही. शक्यता ० आणि १ च्या मध्ये अडकलेली असते, त्यामुळे तिच्यावर सरळ रेषा बसवली तर ती कधीतरी कुंपणाबाहेर जातेच. म्हणून होण्याची शक्यता भागिले न होण्याची शक्यता काढतात, म्हणजे ऑड्स, आणि त्यांचा लॉग घेतात. ‘लॉजिट’ हा शब्द त्यासाठी बर्कसनने १९४४ मध्ये रूढ केला. लॉग-ऑड्सना वर-खाली दोन्हीकडे मर्यादा नाही, तिथे रेषा निवांत बसते. तिथला कोएफिशियंट म्हणजे लॉग-ऑड्समधला फरक. त्याचा लॉग उलटवला की ऑड्स रेशो मिळतो.

आता गट. पाच कॅटेगरी असतील तर त्यांचे चार रकाने करायचे, प्रत्येकात ० किंवा १. माणूस विवाहित असेल तर ‘विवाहित’ रकान्यात १, बाकी तीन ठिकाणी ०. यांना डमी व्हेरिएबल म्हणतात. पाचवा रकाना कुठे गेला? तो गट इंटरसेप्टमध्ये, म्हणजे समीकरणाच्या सुरुवातीच्या स्थिर आकड्यात, जाऊन बसतो. चारही रकान्यांत ० असलेला माणूस त्या गटातला. पाचही रकाने ठेवले तर प्रत्येक ओळीत त्यांची बेरीज १ होते, म्हणजे इंटरसेप्टचीच नक्कल. मग हवा तेवढा भार इंटरसेप्टवरून काढून गटांवर ठेवा, उत्तर बदलत नाही, आणि ‘खरं’ उत्तर एक राहत नाही.

बाहेर ठेवलेल्या या गटाला संदर्भ गट म्हणू. बाकी प्रत्येक कोएफिशियंट म्हणजे ‘या गटाची संदर्भ गटाशी तुलना’. इथे सॉफ्टवेअरच्या सवयी माहीत असलेल्या बऱ्या. काही सांगितलं नाही, तर ‘आर’ वर्णक्रमाने पहिला येणारा गट संदर्भ धरतं, ‘स्टाटा’ सगळ्यात लहान आकड्याचा गट धरतं आणि ‘एसपीएसएस’ आपल्या लॉजिस्टिकच्या खिडकीत शेवटचा. म्हणजे वरच्या रकान्यातला ९ हा कोड गहाळ माहिती म्हणून नोंदवलेला नसेल, तर ‘एसपीएसएस’ सगळ्या जगाची तुलना ‘माहिती नाही’ या गटाशी करून देतं. तक्ता दिसायला अगदी नीटनेटका असतो.

संदर्भ गट फार लहान असला तर काय होतं तेही पाहून ठेवा. दोन गटांच्या लॉग-ऑड्समधल्या फरकाचा व्हेरिअन्स (अनिश्चिततेचं माप) म्हणजे चार संख्यांच्या व्यस्तांची बेरीज: इकडचे हो, इकडचे नाही, तिकडचे हो, तिकडचे नाही. संदर्भ गटात सहाच माणसं आहेत, दोन हो आणि चार नाही, असं धरा. एक द्वितीयांश अधिक एक चतुर्थांश, म्हणजे ०.७५ इतका व्हेरिअन्स तिथेच जमा झाला. समोरच्या गटात दहा हजार माणसं असली तरी कॉन्फिडन्स इंटर्व्हल, म्हणजे खरा आकडा जिथे असावा तो पट्टा, अंदाजाच्या साडेपाच पट वर आणि साडेपाच पट खाली पसरलेला राहणार. तक्त्यातला एकही गट ‘लक्षणीय’ निघत नाही, आणि संशोधक म्हणतो गटांचा परिणामच नाही. परिणाम असतो, मोजपट्टीचं शून्य जिथे आहे तीच जागा डळमळीत असते. म्हणून संदर्भाला मोठा गट घ्यावा आणि ज्याच्याशी तुलना करण्यात वाचकाला काही अर्थ वाटेल असा घ्यावा.

हे सगळं खऱ्या आकड्यांवर पाहू. संख्याशास्त्राच्या वर्गात झिजून गुळगुळीत झालेलं उदाहरण आहे, पण बहुतेक जण त्यातला पहिला धक्का सांगून थांबतात. खरी गंमत पुढे आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या पदव्युत्तर प्रवेशांची १९७३ सालची ही आकडेवारी. सहा मोठ्या विभागांत मिळून २६९१ पुरुषांनी अर्ज केले, ११९८ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे ४४.५ टक्के. स्त्रियांचे अर्ज १८३५, प्रवेश ५५७, म्हणजे ३०.४ टक्के. लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये फक्त ‘स्त्री’ हा एक रकाना टाकला, तर कोएफिशियंट येतो उणे ०.६१, ऑड्स रेशो ०.५४. स्त्रियांचे प्रवेशाचे ऑड्स पुरुषांच्या जेमतेम निम्मे. आता विभागवार पाहू:

विभाग ए: पुरुष ८२५ पैकी ५१२, स्त्रिया १०८ पैकी ८९
विभाग बी: पुरुष ५६० पैकी ३५३, स्त्रिया २५ पैकी १७
विभाग सी: पुरुष ३२५ पैकी १२०, स्त्रिया ५९३ पैकी २०२
विभाग डी: पुरुष ४१७ पैकी १३८, स्त्रिया ३७५ पैकी १३१
विभाग ई: पुरुष १९१ पैकी ५३, स्त्रिया ३९३ पैकी ९४
विभाग एफ: पुरुष ३७३ पैकी २२, स्त्रिया ३४१ पैकी २४

सहापैकी चार विभागांत स्त्रियांची टक्केवारी पुरुषांपेक्षा जास्त आहे. निम्म्याहून अधिक पुरुषांनी ए आणि बी या, प्रवेश सहज मिळणाऱ्या विभागांत अर्ज केले होते. स्त्रियांपैकी तिथे अर्ज करणाऱ्या शंभरात सातच. विभागाचे पाच डमी रकाने मॉडेलमध्ये घातले की ‘स्त्री’चा कोएफिशियंट उणे ०.६१ वरून अधिक ०.१० होतो. ऑड्स रेशो १.१, आणि त्याचा ९५ टक्के इंटर्व्हल ०.९४ ते १.२९. चिन्हच फिरलं.

इथे बरेच जण पुस्तक मिटतात: विभाग लक्षात घेतला, भेदभाव नाही असं सिद्ध झालं. मला ते पटत नाही. विभाग मॉडेलमध्ये घातल्याने प्रश्न बदलला, एवढंच झालं. आधीचा प्रश्न होता ‘एकूण अर्जदारांमध्ये स्त्रियांना प्रवेश कमी मिळाला का?’ त्याचं उत्तर आजही ‘हो’ असंच आहे. नवा प्रश्न आहे ‘एकाच विभागात अर्ज केलेल्या स्त्री-पुरुषांत फरक पडला का?’ स्त्रिया गर्दीच्या, कमी जागांच्या विभागांकडे का वळल्या, हा तिसरा प्रश्न. त्याला हे मॉडेल हात लावत नाही. गट हा वाटेतला टप्पा असेल, म्हणजे कारणाकडून परिणामाकडे जाणारा रस्ताच त्यातून जात असेल, तर त्याला ‘स्थिर’ धरून आपण रस्त्याचा तो तुकडा कापून टाकतो. कधी तेच हवं असतं, कधी नसतं. ते सॉफ्टवेअर ठरवत नाही.

आता विभागांचे कोएफिशियंट बघा. ए हा संदर्भ, म्हणजे शून्य. बी उणे ०.०४, सी उणे १.२६, डी उणे १.२९, ई उणे १.७४, एफ उणे ३.३१. विभागांची अक्षरं योगायोगाने नाही, प्रवेशाच्या प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेली आहेत. त्यामुळे ए ते एफ ऐवजी १ ते ६ लिहून आकडा म्हणून घातले तर फार बिघडणार नाही असं वाटेल. पण पायऱ्या मोजा. ए ते बी ०.०४. बी ते सी १.२२. सी ते डी ०.०३. डी ते ई ०.४४. ई ते एफ १.५७. हा जिना कुणी बांधला असता तर त्यावरून माणूस पहिल्याच दिवशी पडला असता! आकडा म्हणून घातला की मॉडेल या सगळ्यांची एकसारखी पायरी करून टाकतं. शिक्षणाची पातळी किंवा आजाराची अवस्था अशा क्रम असलेल्या गटांतही क्रम असणं वेगळं आणि अंतर समान असणं वेगळं. समान धरायचंच असेल तर आधी डमी रकान्यांनी पायऱ्या पाहाव्यात, मग ठरवावं.

याच यादीतून वाचनाची आणखी एक चूक दिसते. बी चा कोएफिशियंट उणे ०.०४, ‘लक्षणीय नाही’. म्हणून बी चा रकाना काढून टाकायचा का? काढला तर बी गुपचूप ए मध्ये मिसळतो आणि संदर्भ गट आता ‘ए आणि बी’ होतो. हा निर्णय आपण घेतला नाही, पी-व्हॅल्यूने घेतला. संदर्भ बदलून एफ केला असता तर बी चा कोएफिशियंट सणसणीत लक्षणीय आला असता. ए चा तर ३.३१ येतो, म्हणजे ऑड्स रेशो २७. मॉडेल तेच, अंदाजित शक्यता त्याच. फक्त आपण जिन्याच्या दुसऱ्या टोकाला उभे आहोत. सी आणि डी यांची आपसातली तुलना तर या यादीत सरळ कुठेच लिहिलेली नाही, ती वजाबाकी करून काढावी लागते. तेव्हा ‘विभागाने फरक पडतो का’ हा प्रश्न असेल तर पाचही रकाने एकदम आत आणि एकदम बाहेर ठेवून दोन मॉडेलांची लाइकलीहुड रेशो चाचणी करायची, म्हणजे दोन्ही मॉडेलं डेटाशी किती जुळतात याची तुलना, पाच मात्रांची (मात्रा म्हणजे मोकळे आकडे, इथे पाच रकाने). एकेका रकान्याच्या पी-व्हॅल्यूंची बेरीज-वजाबाकी करून हे उत्तर मिळत नाही.

राहिला विभाग ए. मॉडेलने तिथल्या स्त्रियांसाठी प्रवेशाची शक्यता ६६ टक्के सांगितली. प्रत्यक्षात १०८ पैकी ८९, म्हणजे ८२ टक्के. इतकी चूक का? मॉडेलमध्ये आपण गृहीत धरलं की स्त्री असण्याचा परिणाम सहाही विभागांत सारखा, फक्त सुरुवातीची पातळी वेगळी. ए मध्ये ते खोटं आहे. तिथे स्त्रियांचे ऑड्स पुरुषांच्या २.९ पट आहेत. मॉडेल किती बसत नाही याचं माप म्हणजे डेव्हिअन्स. ‘स्त्री’चा रकाना नसलेल्या, फक्त विभागांच्या मॉडेलचा तो २१.७ आहे, सहा मात्रांवर. ‘स्त्री’ घातल्यावर तो जेमतेम २०.२ वर येतो. पण विभाग ए बाजूला काढला, तर उरलेल्या पाच विभागांत स्त्री-पुरुष फरक न धरणाऱ्या मॉडेलचा डेव्हिअन्स उतरतो २.७ वर, पाच मात्रांसाठी. म्हणजे सगळी विसंगती एकाच विभागात होती, आणि तीही स्त्रियांच्या बाजूने. १.१ हा ‘सरासरी’ ऑड्स रेशो विभाग ए चं मुळीच नीट वर्णन करत नव्हता.

याला इंटरअॅक्शन म्हणतात: एका चलाचा परिणाम गटागटाने वेगळा असणं. मॉडेलमध्ये ‘स्त्री’ गुणिले ‘विभाग ए’ असा रकाना घातला की तो दिसतो. त्याऐवजी लोक काय करतात, तर गटवार वेगवेगळी विश्लेषणं चालवतात आणि लिहितात, ‘ए मध्ये लक्षणीय, बी मध्ये नाही, म्हणून परिणाम वेगळा’. बी मध्ये स्त्रियाच २५ होत्या. तिथे लक्षणीय येणार कुठून? फरक आहे म्हणायचं तर फरकाचीच चाचणी हवी.

आता लहान गटांकडे. एका गटात बारा माणसं आणि बाराही जणांचं उत्तर ‘नाही’. ऑड्स शून्य, लॉग-ऑड्स उणे अनंत. सॉफ्टवेअर अनंत छापत नाही. ते उणे अठरा-एकोणीस असा काहीतरी कोएफिशियंट छापतं आणि त्याच्यापुढे काही हजारांची स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजाची अनिश्चितता. पी-व्हॅल्यू ०.९९ येते आणि वाचणारा म्हणतो, या गटाचा काही संबंध नाही. खरं तर त्या गटाचं चित्र सगळ्यात टोकाचं आहे! कोएफिशियंट जसा मोठा होत जातो तशी वॉल्ड चाचणी (कोएफिशियंट भागिले स्टँडर्ड एरर) उलट दुबळी होत जाते, हे हाउक आणि डोनर यांनी १९७७ मध्ये दाखवलं. अशा वेळी लाइकलीहुड रेशो चाचणी वापरावी, किंवा फर्थने १९९३ मध्ये सुचवलेली सुधारित पद्धत, जी कोएफिशियंटला अनंताकडे पळू देत नाही. लहान गट एकमेकांत मिसळणं हाही मार्ग आहे, पण ते अर्थ पाहून करावं. निकाल पाहून, ‘या दोन गटांचं प्रमाण सारखं दिसतंय, जोडून टाकू’ असं केलं तर पुढच्या सगळ्या पी-व्हॅल्यू शोभेच्या उरतात.

(जाता जाता: वयासारखा सलग आकडा हातात असताना त्याचे ‘तरुण’ आणि ‘वयस्कर’ असे दोन गट पाडण्याची हौस मला कधीच कळलेली नाही. तिथे आकडा खरोखर आकडा असतो आणि आपण होऊन त्याचं नाव करतो. ४९ आणि ५१ वर्षांची माणसं वेगळ्या जातकुळीची ठरतात, ५१ आणि ८५ ची एकाच.)

आतापर्यंतचे गट मोजके होते आणि प्रत्येकाचं नाव आपल्याला महत्त्वाचं होतं. पण रुग्ण दोनशे रुग्णालयांतले असतात, विद्यार्थी तीनशे वर्गांतले असतात, किंवा एकाच माणसाची दहा वेळा तपासणी केलेली असते. इथे कोणत्या रुग्णालयाचा कोएफिशियंट किती, यात आपल्याला रस नसतो. पण गट विसरून चालत नाही, कारण एका गटातली माणसं एकमेकांसारखी असतात आणि दोन हजार नोंदी म्हणजे दोन हजार स्वतंत्र साक्षी उरत नाहीत. नमुना पाहणी करणारे यासाठी एक सोपं सूत्र वापरतात: १ अधिक (गटातली माणसं वजा १) गुणिले गटांतर्गत साम्य. गटात २५ माणसं आणि साम्य फक्त ०.०५ असेल तरी उत्तर २.२ येतं. तुमचा उपचार अख्ख्या गटाला एकच मिळालेला असेल, तर दोन हजार नोंदींची किंमत सुमारे नऊशे उरते. हे विसरलं की इंटर्व्हल खोटेच अरुंद येतात.

मग प्रत्येक गटाला डमी रकाना द्यावा का? गट दहा-बारा असतील आणि प्रत्येकात भरपूर माणसं असतील तर खुशाल द्यावा. पण गट शेकड्याने आणि प्रत्येकात दोन-चारच माणसं असतील, तर लॉजिस्टिक रिग्रेशन एक विचित्र खोडी काढतं. गट वाढतात तसे अंदाज करायचे आकडेही वाढत जातात, आणि नमुना कितीही मोठा केला तरी चूक जात नाही. हा प्रश्न नेमन आणि स्कॉट यांनी १९४८ मध्ये मांडला होता. जोड्यांच्या डेटात, म्हणजे प्रत्येक गटात दोनच माणसं असतील तिथे, कोएफिशियंट नेमका दुप्पट येतो. ऑड्स रेशोचा वर्ग होतो: खरा २ असेल तर मॉडेल ४ सांगतं, ३ असेल तर ९. साध्या रेषीय रिग्रेशनच्या कोएफिशियंटला ही खोड नाही, त्यामुळे तिकडून आलेले लोक इथे हमखास अडखळतात.

यावरचा उपाय म्हणजे कंडिशनल लॉजिस्टिक रिग्रेशन. त्यात गटाची पातळी मोजण्याच्या भानगडीतच पडत नाहीत. ‘या गटात एकूण इतके हो आहेत, एवढं मान्य, पण ते नेमके या माणसांचे का निघाले?’ इतकंच विचारतात. गटाची पातळी समीकरणातून आपोआप कटते. किंमत मोजावी लागते ती दोन ठिकाणी. ज्या गटात सगळेच हो किंवा सगळेच नाही आहेत तो गट काहीच सांगत नाही, गळून पडतो. आणि अख्ख्या गटाला समान असलेली गोष्ट, उदाहरणार्थ रुग्णालय मोठं की छोटं, तिचा परिणाम यातून काढताच येत नाही.

दुसरा मार्ग, रँडम इफेक्ट. इथे प्रत्येक गटाला स्वतःची पातळी असते, पण त्या सगळ्या पातळ्या एका घंटेच्या आकाराच्या वितरणातून आल्या असं मानतात आणि मोजतात फक्त त्या वितरणाचा पसारा. तीन माणसांच्या गटात तिन्ही ‘हो’ आले म्हणून मॉडेल त्याला डोक्यावर घेत नाही. त्याचा अंदाज सगळ्यांच्या मध्याकडे ओढून आणतं. तीनशे माणसांच्या गटाला मात्र त्याच्या स्वतःच्या आकड्यावर बऱ्यापैकी उभं राहू देतं. पसारा नुसता व्हेरिअन्स म्हणून छापला तर कुणाला काही बोध होत नाही. स्टँडर्ड डेव्हिएशन १ आली तर असं वाचा: कुठलेही दोन गट उचला, वरच्या गटाचे ऑड्स खालच्या गटाच्या किती पट, हे काढा, या पटींचा मध्यक २.६ येतो. या मार्गात एक गृहीतक दडलेलं आहे: गटाची पातळी आणि तुमचा मुख्य चल यांचा संबंध नाही. बर्कलीत तो संबंधच तर सगळा खेळ होता. संशय असेल तर त्या चलाची गटवार सरासरी हा एक वेगळा रकाना म्हणून घालावी; गटाच्या आतला परिणाम आणि गटागटांमधला परिणाम वेगळे दिसू लागतात.

तिसरा मार्ग १९८६ मध्ये लिआंग आणि झेगर यांनी मांडलेला जीईई (जनरलाइज्ड एस्टिमेटिंग इक्वेशन्स). तो गटांची पातळी मोजत नाही. सगळ्या लोकसंख्येची सरासरी रेषा काढतो आणि स्टँडर्ड एरर गटांचं साम्य धरून दुरुस्त करतो. गट भरपूर असतील तर छान चालतो, दहा-पंधराच असतील तर इंटर्व्हल पुन्हा फाजील अरुंद येतात.

रँडम इफेक्ट आणि जीईई या दोन मार्गांचे ऑड्स रेशो जुळत नाहीत, आणि त्यावरून वाद होतात. कुणाचंच चुकलेलं नसतं. समान आकाराचे दोन गट घ्या. पहिल्यात उपचाराने बरं होण्याचं प्रमाण १० वरून ५० टक्के झालं. ऑड्स एक नवमांशावरून एकावर, म्हणजे ९ पट. दुसऱ्यात ५० वरून ९० टक्के. ऑड्स एकावरून नवावर, पुन्हा ९ पट. दोन्ही गट एकत्र करा: ३० वरून ७० टक्के. ऑड्स तीन सप्तमांशावरून सात तृतीयांशावर, म्हणजे ५.४ पट! उपचार दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात वाटलेला होता, बर्कलीसारखी सरमिसळ (गट आणि मुख्य चल एकमेकांत गुंतलेले असणं) कुठेही नव्हती, तरी ९ चे ५.४ झाले. हा ऑड्स रेशोचा जन्मजात स्वभाव आहे. रँडम इफेक्ट ९ च्या जवळचं उत्तर देतो, जीईई ५.४ च्या जवळचं. समोर बसलेल्या, एका विशिष्ट गटातल्या माणसाला सल्ला द्यायचा असेल तर पहिला. सगळ्या लोकसंख्येसाठी धोरण आखायचं असेल तर दुसरा. आणि गटाचा रकाना घातल्याबरोबर कोएफिशियंट बदलला म्हणजे सरमिसळ सापडली, असं लॉजिस्टिकमध्ये लगेच म्हणू नये, हेही यातूनच निघतं.

मॉडेल भाकितासाठी असेल तर प्रश्न आणखी वेगळा: उद्या ज्यांच्यावर ते वापरणार ती माणसं ओळखीच्या गटांतली असतील की नव्या? नव्या असतील तर चाचणीसाठी नोंदी बाजूला काढताना सुट्या माणसांऐवजी अख्खे गट बाजूला काढावेत. नाहीतर मॉडेल चाचणीच्या वेळी त्याच रुग्णालयातले दुसरे रुग्ण बघून हुशारी दाखवतं आणि नव्या रुग्णालयात तोंडघशी पडतं. डमी रकान्यांच्या मॉडेलकडे नव्या गटासाठी रकानाच नसतो. रँडम इफेक्टचं मॉडेल नव्या गटाची पातळी शून्य धरून आकडा देतं, पण तो मधल्या गटाचा आकडा असतो, सरासरीचा नव्हे. मधल्या गटात शक्यता १० टक्के आणि पसाऱ्याची स्टँडर्ड डेव्हिएशन १ असेल, तर सगळ्या गटांवर सरासरी काढल्यावर ती सुमारे १३ टक्के निघते. अहवालात यातला कोणता आकडा दिला आहे ते तक्त्याखाली एका ओळीत लिहावं; वर्षभराने तीच फाईल उघडणारा माणूस बहुधा आपणच असतो.